बायकोच्या शाळेचा फ्लॅट

माझी बायको मस्कतला शिकवायला गेली तेव्हा शांती नगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पाच नवरे आधीच आखातात होते. कोणी क्रेन चालवत होता, कोणी एसी दुरुस्त करत होता, आणि एक जण नेमकं काय करतो हे त्याच्या बायकोलाही नीट सांगता येत नव्हतं. त्यांच्या बायका इथे मुलं, गॅस, शाळेची फी आणि सासू सांभाळायच्या. ही व्यवस्था सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली होती. पण बायको गेली आणि नवरा मागे राहिला, असं आमच्या चार मजल्यांत पहिल्यांदाच घडत होतं. त्यामुळे पहिल्या आठवड्यात, हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला जातात तसे लोक मला भेटायला आले. सगळ्यांनी केळी आणली. केळी का, ते मला अजून कळलेलं नाही.

केळी न आणता फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या भाभी आल्या. त्या रत्नागिरीकडच्या. नवरा सतरा वर्षं कुवेतला. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "भाई, पहिले सहा महिने जड जातात. मग सवय होते. मग तो सुट्टीवर आला की परत जड जातं." आणि माझी चौथीतली मुलगी शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे थांबेल, हे त्यांनी मला न विचारताच ठरवून टाकलं.

बायको गणित शिकवायची. भाईंदरच्या एका खाजगी शाळेत अकरा वर्षं शिकवत होती. मस्कतच्या भारतीय शाळेची जाहिरात तिनं पेपरात पाहिली, अर्ज तिनं केला, आणि अंधेरीच्या हॉटेलात मुलाखतीला गेली तेव्हा तिच्या सर्टिफिकेटांची फाइल आणि पाण्याची बाटली घेऊन मी सोबत होतो. बाहेरच्या खुर्चीवर बसलो असताना एका सूटवाल्या गृहस्थांनी मला विचारलं, "योर सब्जेक्ट?" मी आतल्या दाराकडे बोट दाखवलं. पुढे काय होणार आहे याची सूचना मला तेव्हाच मिळाली होती म्हणायची.

नोकरीबरोबर राहायला जागा मिळणार होती. जाहिरातीत तसं लिहिलंच होतं, आणि आम्ही दोघांनी त्या एका ओळीवर मनातल्या मनात बंगला बांधला होता. प्रत्यक्षात शाळेनं एक चार मजली इमारत भाड्यानं घेतली होती आणि तिच्यात सगळे शिक्षकच भरले होते. तळमजल्यावर प्रिन्सिपल आणि एकटे पुरुष शिक्षक, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर कुटुंबवाले, त्याच्या वर एकट्या आलेल्या बायका. बायकोच्या वाट्याला चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली एक खोली आली. दुसऱ्या खोलीत केरळच्या केमिस्ट्रीच्या बाई आणि हॉलमध्ये प्लायवूडचा आडोसा करून इंदूरच्या हिंदीच्या बाई. स्वयंपाकघर एक, फ्रिज एक, बाथरूम एक.

दर शुक्रवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. तिकडे गुरुवार-शुक्रवार सुट्टी. टेलिफोन कार्डावरची मिनिटं मोजकी, म्हणून ती भरभर बोलायची आणि मी त्याहून भरभर "हं, हं" करायचो. त्या फोनांमधून मला ते घर तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. प्रत्येक पलंगावर, कपाटावर, खुर्चीवर पांढऱ्या रंगानं नंबर टाकलेला. भिंतीत खिळा मारायचा नाही. फ्रिजमध्ये प्रत्येकीचा एक कप्पा. केमिस्ट्रीच्या बाई पहाटे साडेचारला नारळ खवतात, त्यामुळे अलार्म लावावा लागत नाही. सकाळी सव्वासहाला शाळेची बस खाली येते, आणि ती चुकली तर सगळ्या इमारतीला कळतं, कारण सगळी इमारतच बसमध्ये असते.

"कुणाशी भांडलीस की नाही अजून?" मी विचारायचो.

"भांडणार कशी? जिच्याशी भांडेन तिच्याच शेजारी बसून सकाळी बसमधून जायचंय. दुपारी तिच्याच वर्गावर माझा तास. आणि संध्याकाळी तिच्याच कढईशेजारी माझी कढई."

"मग राग कुठे काढतेस?"

"नववीवर."

मी हसायचो. फोन ठेवला की मात्र मला घरात बसवेना. आमचं घर म्हणजे एक हॉल, एक बेडरूम. त्यात माझ्या येरझाऱ्या सुरू व्हायच्या. हॉलच्या खिडकीपासून बेडरूमच्या खिडकीपर्यंत, परत. मुलगी अभ्यास करता करता मोजायची. "बाबा, आज चौऱ्याहत्तर झाल्या," असं एकदा म्हणाली. मी म्हटलं, गणिताच्या बाईंची मुलगी आहेस, दुसरं काय मोजणार.

असं दीड वर्ष गेलं. मी वरणभात, पोहे आणि एका प्रकारची भाजी करायला शिकलो. भाजी कुठलीही आणली तरी प्रकार एकच व्हायचा. भाभींच्या सोबतीनं मी मसाल्याची पार्सलं शिवायला शिकलो. आखातातल्या माणसाला काय पाठवायचं, कुणाच्या सामानातून पाठवायचं, लोणच्याच्या बरणीचं तोंड कसं बांधायचं, हे सगळं ज्ञान बायकांच्या त्या घोळक्यात मी मान खाली घालून घेतलं. "आमचे भाई," असं त्या माझ्याबद्दल बोलायच्या, आणि "आमचे" या शब्दानं मला बरं वाटावं की वाईट, ते ठरत नव्हतं.

मग त्या वर्षीच्या मार्चमध्ये एका शुक्रवारी बायकोचा फोन आला. आवाज वेगळा होता.

"अहो, पहिल्या मजल्यावरचा फॅमिली फ्लॅट रिकामा होतोय. फिजिक्सचे सर जातायत. दोन खोल्या, स्वतंत्र स्वयंपाकघर, सगळं आपलं आपल्याला. माझा नंबर लागू शकतो. तुम्ही दोघं येणार असाल तर."

"अरे वा!" मी म्हटलं.

"अरे वा नको. हो किंवा नाही सांगा. पंधरा दिवसांत नवऱ्याचं संमतीपत्र द्यायला लागतं. सहीचं. फॅक्स चालेल. मी नमुना पोस्टानं पाठवत नाही, वाचून दाखवते, लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. इंग्रजीतल्या चार ओळी होत्या. मी अमुक, अमुक शिक्षिकेचा पती, संस्थेनं दिलेल्या निवासस्थानात माझ्या पत्नीचा डिपेंडंट म्हणून मुलीसह राहण्यास तयार आहे, तिथे नोकरी-धंदा करणार नाही, आणि पत्नीची नोकरी संपल्यास तिच्यासोबत जागा सोडीन.

पेन्सिलीनं लिहून घेतलेल्या त्या चार ओळी मी तीनदा वाचल्या. चौथ्यांदा वाचल्या तेव्हा लक्षात आलं की मी उभा आहे आणि चालतोय.

आता माझं सांगतो. मी भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपर. बावीस वर्षं एका जाळीच्या दाराआड बसलेलो. कागद आल्याशिवाय मी कोणाला एक स्क्रू दिला नव्हता. कारखान्यात मला कोणी साहेब म्हणायचं नाही, पण माझ्या जाळीपुढे येऊन मालकाच्या मुलालाही थांबावं लागायचं. ही माझी एवढीशी ऐट. ती सोडून बायकोच्या शाळेच्या फ्लॅटमध्ये, तिच्या नावाच्या चावीनं उघडणाऱ्या दाराआड, दिवसभर करायचं काय? सव्वासहाला बस आली की माझी बायको आणि माझी मुलगी दोघी तिच्यात बसून जाणार. मग इमारतीत उरणार मी आणि नंबर घातलेल्या खुर्च्या.

पण हे मी बायकोला सांगितलं नाही. मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "खोल्यांची मापं काय आहेत?"

"मापं?"

"म्हणजे सामान काय न्यायचं, ते ठरवायला. स्टोअरची सवय आहे गं मला. जागा कळल्याशिवाय माल उचलता येत नाही."

ती म्हणाली, "बघते."

बिचारीनं खरंच बघितलं. फिजिक्सच्या सरांच्या बायकोकडून शिवणाची टेप घेऊन, शाळेतून आल्यावर, ती रिकाम्या व्हायला लागलेल्या खोल्यांमधून फिरली. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला, शुक्रवार नसताना. तिनं सेंटिमीटर सांगितले, मी त्यांचे फूट केले. हॉल, खोली, स्वयंपाकघर, बाथरूम, आणि एक अरुंद बाल्कनी.

कागदावर नकाशा काढून माझं समाधान झालं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण कागदावर चालता येत नाही. रविवारी सकाळी मी कारखान्यातला मार्किंगचा खडू आणि टेप घेऊन मुलीला म्हटलं, "चल, आईचं घर बघायला." आणि आम्ही दोघं गच्चीवर गेलो.

गच्चीवर आम्ही तो फ्लॅट आखला. पाण्याच्या टाकीपासून सुरुवात करून, मापात, भिंतीची जाडी धरून. दाराच्या जागा मोकळ्या सोडल्या. मुलीनं दारातूनच आत यायचा नियम केला. मी चुकून भिंतीवरून पाय टाकला तर ओरडायची, "बाबा, भिंतीतून आलात!" तिनं स्वयंपाकघरात एक वीट ठेवली, तो गॅस. तिच्या पलंगाची जागा तिनं खिडकीशी आखली. ती त्या घरात इतकी सहज राहायला गेली की मी बघत राहिलो. मला मात्र प्रत्येक खोलीत दोन पावलं टाकली की भिंत लागत होती.

गच्ची म्हणजे सगळ्यांची. दुपारपर्यंत निम्मी बिल्डिंग मस्कतच्या फ्लॅटमध्ये येऊन गेली. पहिल्या विंगमधल्या काकांनी बाथरूम स्वयंपाकघराला लागून आहे, हे अशुभ असल्याचं सांगितलं. पापड वाळत घालायला आलेल्या दोघी जणींनी आमच्या हॉलमध्ये साड्या पसरून त्यावर पापड घातले आणि मला म्हणाल्या, "तुम्ही बेडरूममध्ये उभे राहा ना भाऊ, इथे सावली पडते." सोसायटीचे चेअरमन गुजराती. ते वर आले, कमरेवर हात ठेवून रेघांकडे बघत राहिले.

"ये क्या लगाया है? टेरेस कॉमन है."

"शेठ, मिसेस का फ्लॅट है. मस्कत में."

"तो मस्कत में बनाओ ना." पण जाता जाता तेही थांबले. "बाल्कनी किधर है? पूरब? तो अच्छा है."

पुढचे आठ-नऊ दिवस मी कामावरून आलो की गच्चीवर जायचो. रेघा पुसट झालेल्या असायच्या, त्या पुन्हा गडद करायचो. आणि रोज नवा प्रश्न सापडायचा. बेडरूमचं दार आत उघडतं की बाहेर? आत उघडत असेल तर कपाट कुठे? खिडकीची उंची किती? देव्हारा ठेवायला कोपरा आहे का, की खिळा न मारता देव ठेवायचे? हे प्रश्न मी ई-मेलनं पाठवायचो. सेक्टरातल्या सायबर कॅफेत बसून, एका बोटानं टाइप करून. बायकोची उत्तरं आधी दोन-दोन ओळींची यायची, मग एका ओळीची. शेवटचं उत्तर होतं: "दार आत उघडतं. पत्र कधी पाठवताय?"

पत्र तयार होतं. म्हणजे कच्चं. त्यात 'डिपेंडंट'च्या जागी दुसरं काही बसतं का, हे मी बघत होतो. 'सोबत' बसवून पाहिलं. 'कुटुंबीय' बसवून पाहिलं. शाळेचा नमुना शाळेचा होता, त्यात मला बदल करता येणार नव्हता, हे मला चांगलं ठाऊक होतं. माझ्याकडे कोणी असा खाडाखोड केलेला कागद आणला असता तर मी जाळीतून परत ढकलला असता.

एका संध्याकाळी भाभी कपडे काढायला गच्चीवर आल्या. मी टेप धरून बाल्कनीत ओणवा. त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

"भाई, एक बोलू?"

"बोला ना."

"ज्याला जायचं असतं ना, तो बॅगचं वजन करतो. घर मोजत बसत नाही." त्यांनी चिमटे एकेक करून डब्यात टाकले. "सतरा साल में मेरे को एक बार नहीं बोला, चल. कंपनी का कॅम्प है, फॅमिली अलाऊड नहीं. बोलला असता ना, तर मी खडूसुद्धा विकत घेतला नसता."

टेप सटकन आत गेली आणि माझ्या बोटाला लागली.

शाळेत नोटीस लागली होती बुधवारी, त्यामुळे पंधरावा दिवस गुरुवार होता. बुधवारी संध्याकाळी मी पत्र पक्कं केलं, 'डिपेंडंट' तसाच ठेवून. सही केली. गुरुवारी सकाळी कामावर जाण्याआधी झेरॉक्सवाल्याकडे फॅक्सला गेलो. त्यानं नंबर फिरवला. रिंग वाजत राहिली. पुन्हा फिरवला. चार वेळा. "उधर कोई उठाताच नहीं, अंकल," तो म्हणाला. मी काउंटरवर बोटं वाजवत उभा होतो, आणि मग एकदम बोटं थांबली.

तिकडे गुरुवार. सुट्टी.

दीड वर्ष मी दर शुक्रवारी तिच्या सुट्टीचा फोन घेत होतो. तिकडच्या गुरुवार-शुक्रवारवर माझा सगळा आठवडा टांगलेला होता. मुलगीसुद्धा "आज आईचा रविवार," असं म्हणायची. आणि बायको फ्लॅटच्या पहिल्याच फोनवर म्हणाली होती, "म्हणजे बुधवार दुपारपर्यंतच धरा." मी ते ऐकलं होतं. कागदावर लिहूनही घेतलं होतं, त्याच पेन्सिलीनं, पत्राच्या खाली. मी विसरलो, असंच मी पुढे सगळ्यांना सांगितलं. आजही कोणी विचारलं तर तेच सांगतो. पण बावीस वर्षं ज्यानं तारीख बघितल्याशिवाय एक कागद घेतला नाही, तो माणूस नेमका हाच वार कसा विसरला, याचं उत्तर मला मिळालेलं आवडलं नसतं, म्हणून मी ते फार शोधलं नाही.

फ्लॅट ड्रॉइंगच्या सरांना मिळाला. त्यांच्या बायकोचं पत्र पहिल्याच दिवशी आलेलं होतं.

शुक्रवारचा फोन आला. मी फॅक्सची, रिंगची, झेरॉक्सवाल्याची सगळी हकिगत सविस्तर सांगितली. ती ऐकत होती. मग म्हणाली, "ठीक आहे. मी सिंगल म्हणून पुढच्या दोन वर्षांची सही केली."

"अगं, मला विचारलं नाहीस?"

"विचारलं होतं की. पंधरा दिवस."

पुढे मुलीला फोन द्या म्हणाली. मी दिला.

जूनच्या मध्यावर ती सुट्टीवर आली. दोन महिने. मी घर आवरून ठेवलं होतं, पडदे धुतले होते, भाजी दोन प्रकारची केली होती. ती सगळ्यांना भेटली, भाभींना मिठी मारली, मुलीची उंची दाराच्या चौकटीला लावून पाहिली. सगळं छान चाललं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. ती टॉवेल घेऊन आतून आली आणि मला म्हणाली, "बाथरूम रिकामं आहे का?"

मी म्हटलं, "अं?"

"म्हणजे तुम्हाला आधी जायचं असेल तर जा. मी थांबते."

तेव्हा मी थोडं हसलो. मग दिवसभर बघत राहिलो. ती दुधाची पिशवी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात एका कोपऱ्यात ठेवायची, बाकी कप्पे मोकळे असूनही. चहा झाला की कप तिथल्या तिथे धुवून, पुसून बेडरूममध्ये स्वतःच्या टेबलावर नेऊन ठेवायची. कढई वापरण्याआधी "कोणी लावणार आहे का गॅस?" असं म्हणायची आणि मग स्वतःच दचकायची. फोनवर हळू बोलायची. कॅलेंडर लावायला मी हातोडी काढली तर म्हणाली, "राहू द्या, टेकवून ठेवू." स्वतःच्या घरात ती पाहुणीसारखी राहात होती, तेही अतिशय चांगल्या पाहुणीसारखी. तिच्याविरुद्ध कोणाला तक्रार करायला जागा नव्हती.

तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, ओट्यावर तुझी बाजू कुठली?"

"म्हणजे?"

"तू एकाच बाजूला करतेस सगळं."

बायको ओट्याकडे बघत राहिली. खरंच तिनं कुकर, पोळपाट, कणकेचं ताट, सगळं डाव्या दीड फुटात मांडलं होतं. उजवीकडचा सगळा ओटा रिकामा. दोघी हसल्या, आणि मुलीनं पोळपाट सरकवला. मी दारात होतो. मला हसू आलं नाही. मी चपला घातल्या आणि खाली उतरलो. शांती नगरच्या सगळ्या सेक्टरांतून फिरलो, दुकानांच्या समोरून, एकाच रस्त्यानं दोनदा. परत आलो तेव्हा शर्ट घामानं ओला होता.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो आणि राजीनामा लिहून मालकांच्या टेबलावर ठेवला. एक महिन्याची नोटीस. घरी येऊन, बूट काढायच्या आत, मोठ्या समारंभानं बायकोला सांगितलं.

मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "का?"

"का म्हणजे? यायचं ना आम्हाला तिकडे."

"कुठे? फ्लॅट कुठाय?"

"फ्लॅट... होईल ना रिकामा."

"अहो, पुढच्या मार्चआधी कोणी हलत नाही. आणि मार्चमध्येही हलेलच असं नाही. तोवर तुम्ही काय गच्चीवर राहणार?" गच्चीचं तिला मुलीकडून कळलं होतं. "फ्लॅट होता तेव्हा नोकरी सोडली नाहीत. आता फ्लॅट नाही तर सोडून आलात. तुमचा हिशेब मी कुठल्या इयत्तेत शिकवू?"

मी खाली बसलो. एक बूट पायात, एक हातात. मग जे गेलं वर्ष-दीड वर्ष विचारायला हवं होतं, ते विचारलं. "तू परत येऊ शकत नाहीस का? नोकरी सोडून?"

ती स्वयंपाकघरात जाऊन गॅस बारीक करून आली.

"खरं सांगू? नाही यायचं मला. मला तिथे शिकवायला आवडतं. माझी दहावीची तुकडी आहे, ती मुलं मी नववीपासून घडवली आहेत. इथे अकरा वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं की मॅडम, हा धडा तुम्ही कसा घेणार. तिथे विचारतात." मग म्हणाली, "तुमच्यासाठीच गेले होते. आता राहतेय ती माझ्यासाठी. पण त्या खोलीत एकटीनं राहायला नाही आवडत. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मला त्या फोनवर सांगता येत नव्हत्या. केमिस्ट्रीच्या बाई शेजारीच असतात."

मला दीड वर्ष असं वाटत होतं की ती तिथे सोसतेय आणि मी इथे सोसतोय, आणि सोसण्यात आपली बरोबरी आहे. त्या बरोबरीवर मी बराच माज केला होता. तो उतरला. विचित्र म्हणजे त्यामुळे बरं वाटलं. आखातातल्या नवऱ्याला कोणी विचारत नाही, तुला तिथे आवडतं का. मीही बायकोला विचारलं नव्हतं.

"मग आता?" मी म्हटलं.

"आता उद्या जाऊन राजीनामा परत घ्या. आणि बसा, तो कागद काढा."

तिनं मला संमतीपत्र पुन्हा लिहायला लावलं. तारखेची जागा रिकामी ठेवून. सही करून मी ते तिच्या हातात दिलं. तिनं ते सवयीनं वरून खाली तपासलं, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि पासपोर्टच्या पाकिटात ठेवलं. ऑगस्टमध्ये जाताना ते तिच्याबरोबर गेलं. आता फॅक्सही नको आणि गुरुवारही नको.

राजीनामा परत मागायला गेलो तेव्हा मालक म्हणाले, "मैंने तो अभी तक खोला ही नहीं. तू रोज इतने कागद भेजता है." आणि पाकीट माझ्याकडे सरकवलं.

फ्लॅट पुढच्या मार्चमध्ये रिकामा झालाच नाही. सगळे टिकून राहिले. त्या वर्षी माझ्या येरझाऱ्या इतक्या वाढल्या की खालच्या मजल्यावरच्यांनी विचारलं, वर मशीन लावलंय का. त्याच्या पुढच्या मार्चमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट सुटला, बायकोनं त्याच दिवशी तारीख घालून पत्र दिलं, आणि जूनमध्ये मुलीला घेऊन मी मस्कतला उतरलो. मुलगी तेव्हा आठवीत जाणार होती आणि माझ्या खांद्याला लागायला लागली होती.

बायकोच्या शाळेत त्या दिवशी सत्राची शेवटची मीटिंग होती, सुटी मिळेना. म्हणून इमारतीचा केअरटेकर आम्हाला घर ताब्यात द्यायला आला. हातात यादी. त्यानं प्रत्येक वस्तूला हात लावून नंबर वाचला. पलंग तीन, गाद्या तीन, टेबल एक, खुर्च्या चार, त्यातली एक डुगडुगणारी, तशी नोंद. पडदे, पंखे, गॅसची शेगडी. मी त्याच्या मागोमाग खोल्यांतून फिरलो आणि एका खुर्चीचा नंबर यादीशी जुळत नव्हता तो दाखवून दिला. त्यानं माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं.

"आप टीचर हैं?"

"नहीं. टीचर मेरी वाइफ है."

"अच्छा." त्यानं यादीचं शेवटचं पान उलटलं आणि खालच्या रेघेवर बोट ठेवलं. "डिपेंडंट इधर."

मी सही केली. पेन त्याचं होतं, ते त्यानं परत मागून घेतलं.